पाठमोरा ग्रुपफोटो

रोह्याच्या बाजारपेठेत माझा फोटो स्टुडिओ होता. मी स्वतःची ओळख 'निसर्गछायाचित्रकार' अशी करून देत असे, आणि रोहेकर मला 'पासपोर्टवाल्या बाई' म्हणत. दोघांपैकी खरं कोण, हे सांगायला ज्योतिषी नको.

माझं माहेर पेणचं. वडील, त्र्यंबकराव, तिथले फोटोग्राफर. आम्हा भावंडांत हायपोच्या, म्हणजे फोटो धुण्याच्या रसायनाच्या, वासानं शिंका न येणारी मी एकटी, म्हणून डार्करूम माझ्या वाट्याला आली. लोक विचारतात, या कलेकडे कशा वळलात? कलेकडे मी वळले नाही, नाक वळलं. लग्नात बाकीच्या मुली रुखवतावर भरतकाम मांडतात, मी डेव्हलपिंगचे ट्रे मांडले होते. नवऱ्याकडच्या कुणीतरी त्यातला एक रिकामा दिसला म्हणून त्यात चकल्या भरून ठेवल्या. त्या पुढे कुणी खाल्ल्या, याची मी चौकशी केली नाही.

नवरा, महादेव, शाळेत गणिताचे मास्तर. मी त्यांना 'अहो' म्हणत असे आणि ते मला 'पद्मजाबाई' म्हणत, विशेषतः माझं काही चुकलं की. ते म्हणायचे, "आमच्या मुलांचं गणित चुकलं तर ती खोडून टाकतात. तुम्ही चुकलेले फोटो धुता, वर दोरीवर वाळतही घालता."

स्टुडिओत मागे एक पडदा होता. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणाऱ्या दिनानाथनं तो वडिलांच्या शब्दाखातर रंगवून दिला होता. पडद्यावर काश्मीर होतं. दिनानाथ काश्मीरला कधी गेला नव्हता. तो वडखळच्या पुढेही क्वचित जायचा. त्यानं आयुष्यभर जे रंगवलं तेच काश्मीरला लावलं. बर्फाच्या शिखरांना पीतांबराचा पिवळा, सरोवराला शेल्याचा मोरपिशी, आणि धबधबा सोंडेसारखा डावीकडे वळलेला. रोहे तालुक्यातली अर्धी लग्नं त्या काश्मीरपुढे जोडीनं उभी राहिली आहेत. आणि या सोंडेच्या धबधब्यापुढे लोकांना "हनुवटी वर, मान थोडी इकडे" करत मी स्वप्नं मात्र जगातल्या भव्य निसर्गदृश्यांची बघत होते.

याला कारण रद्दी. मुंबईहून येताना महादेवांनी पदपथावरून एक जुनं परदेशी मासिक आणलं होतं, ते त्यातल्या कोड्यांसाठी. कोडी त्यांनी सोडवली आणि चित्रं मला लागली. मैलोगणती खोल दऱ्या, लाल सुळके, गोठलेले समुद्र. खाली छायाचित्रकाराचं नाव, आणि सोबत लिहिलेलं, की या छायाचित्रांमुळे ही जागा राखून ठेवली गेली. हे वाचलं आणि माझ्या डोक्यात वारं शिरलं. आपणही एखादी जागा राखावी. कुंडलिकेच्या काठी पहाटे जाऊन मी सूर्योदय टिपू लागले. प्रत्येक सूर्योदयात कुणाची तरी म्हैस यायची. अवचितगड धुक्यात टिपला, तो स्पर्धेत पाठवला, तर परीक्षकांनी धुक्याचं कौतुक केलं. धुकं नव्हतंच. सकाळी केसांना तेल लावलेल्या हातानं मी भिंग पुसलं होतं. तरी बक्षीस मिळालं नाहीच.

गिऱ्हाइकांना दाखवावे म्हणून मी ते फोटो स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावले. बायजाबाई त्याच काचेखाली पायरीवर बसून वालाच्या शेंगा विकायची. खांब गावाच्या पुढे आत डोंगराकडे गेलं की मोळीची वाडी लागते, तिथली ती. वय माझ्या आईएवढं, अंगानं वाळकी, आणि एक खांदा दुसऱ्यापेक्षा उतरलेला. डोईवर ओझं आणि कडेवर पोर, असं आयुष्य गेलं की खांदा तसा होतो.

तिनं माझा सूर्योदय बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, "बाय, ह्यात कोन हाय?"

"ह्यात कोणी नाही. नदी आहे, डोंगर आहे."

"डोंगर हाय ते दिसतंय मना. पन ह्यात कोन हाय?"

"अहो, निसर्ग आहे."

"त्यो काय तिकडं जाऊन बघता येतोय. फोटू त मानसाचा काडतात, मानूस सदा नसतंय म्हनून."

मला राग आला. खरं सांगायचं तर तिचं बोलणं पटलं म्हणूनच आला. मी आतून ते परदेशी मासिक आणलं आणि तिच्यापुढे धरलं. बघा, जगात काय काय आहे. एका पानावर समुद्रकाठी काळ्या दगडाचे सहा कोनी खांब होते, शेजारी शेजारी उभे, कुणी तासून रचल्यासारखे. ते पान पाहून बायजाबाईनं शेंगांचा हात पदराला पुसला.

"ही आमची मोळी," ती म्हणाली. "तुना कुटं गावली?"

पुढच्याच रविवारी मी महादेवांची जुनी पँट चढवून, कॅमेरा आणि तिपाई घेऊन एस.टी.नं खांबला उतरले. पँटबद्दल रोह्यात पुढे बरीच वर्षं बोललं गेलं. पण वाडीत पँटीचं कुणाला काही नव्हतं, तिपाईचं होतं. तीन पायांचं यंत्र घेऊन डोळा लावणारं माणूस आपल्याकडे एकाच कामाला येतं. जमिनीच्या मोजणीला. आसपासच्या गावांनी मोजण्या पाहिल्या होत्या आणि मोजणीमागून काय येतं तेही पाहिलं होतं. मी तिपाई उभी केली तेव्हा बाया दारं लावून आत गेल्या आणि गुणाजी नावाचा म्हातारा काठी घेऊन बाहेर आला. तो वाडीचा जाणता. बायजाबाई धावत आली म्हणून मी वाचले. तरी "ती फोटूवाली हाय, मोजनीवाली नाय" हे वाडीला पटायला एक पावसाळा गेला.

मोळी मात्र खरी होती. वाडीच्या वर, चढण संपते तिथे डोंगराची एक बाजू नुसत्या खांबांची. काळेभोर, सरळ, बहुतेक सहा कोनी, एकाला एक चिकटून उभे आणि सगळे मिळून किंचित एका अंगाला कललेले. पायथ्याशी झरा. भर उन्हाळ्यातही त्याला पाणी, आणि सारी वाडी त्या पाण्यावर. मी मासिकात पाहिलं होतं ते इथे, एस.टी.च्या तिकिटावर! मला भरून आलं. मी आयुष्यात पहिल्यांदा कॅमेरा विसरून नुसती बघत राहिले, आणि नंतर आठवण झाली तेव्हा ऊन गेलेलं होतं.

बायजाबाईनं गोष्ट सांगितली. मोळजाई नावाची देवी डोंगरातून लाकडाची मोळी घेऊन निघाली. वाटेत तहान लागली. तिनं मोळी उतरवून ठेवली आणि पाण्याला गेली. ती अजून यायची आहे.

"म्हनून मोळीला पाट दावायची नाय," बायजाबाई म्हणाली. "मोळी एकटीच्यानं डोईवर घेववत नाय गो. उतरवता येते, पन चडवायला दुसरी लागतेच. आई आली नि तिना आपली पाट दिसली, त तिना वाटंल, हात द्यायला कोनच नाय."

म्हणून वाडीतल्या बाया सरपण घेऊन उतरताना मोळीकडे तोंड करून, मागे मागे पावलं टाकत वळणापर्यंत यायच्या. डोईवर भारा आणि उलटी चाल! मीही तसं करायचं ठरवलं. पाहुण्यानं रीत पाळावी. चार पावलं झकास गेली, आणि पाचव्याला मी तिपाईसकट खाजकुयलीच्या वेलात बसले. पँट होती म्हणून थोडक्यात निभावलं, असं मला वाटलं. पोरांना प्रमेय शिकवून घरी येणारे महादेव आठवडाभर मला दाराच्या चौकटीला पाठ घासताना पाहत आणि म्हणत, "निसर्ग अंगात भिनला म्हणायचा."

मग मी दर ऋतूत जाऊ लागले. मोळी मी पावसात टिपली, शेवाळानं हिरवी असताना टिपली, चैत्राच्या रखरखाटात टिपली. फोटोत मी माणसं येऊ देत नव्हते. बाया झऱ्यावर आल्या की मी ओरडायचे, "बाजूला व्हा गो जरा!" आणि त्या हसत हसत झाडाआड व्हायच्या. बायजाबाई माझी छत्री धरायची, भिंगावर ऊन येऊ नये म्हणून. ती नेहमी कॅमेऱ्याच्या मागे. त्यातले सर्वांत देखणे फोटो मी मुंबईच्या एका मोठ्या स्पर्धेला पाठवले. उत्तर आलं, की स्पर्धा फक्त भारतातल्या दृश्यांसाठी आहे, परदेशातली छायाचित्रं स्वीकारता येत नाहीत. मी ते महादेवांना वाचून दाखवलं. ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. नंतर म्हणाले, "पद्मजाबाई, तुम्ही खांबची मोळी एका फटक्यात साता समुद्रापार नेलीत. अजून काय पाहिजे?"

अशी तीन-चार वर्षं गेली. त्या सुमारास रोह्यापर्यंत रेल्वे येत होती, रस्ते रुंद होत होते, कारखाने वाढत होते, आणि सगळ्यांना खडी लागत होती. एके दिवशी बाजारच्या वारी बायजाबाई आली ती शेंगांच्या पाटीवाचून. पायरीवर बसली नाही. थेट आत, काश्मीरपुढे येऊन उभी राहिली.

"बाय, मोळीला चुना लावलाय."

एका खाणवाल्या शेठनं तो डोंगर खडीसाठी मागितला होता. त्याच्या माणसांनी खांबांवर चुन्याच्या खुणा केल्या होत्या, इथून इथपर्यंत. एवढे सरळ खांब, सुरुंगाला सोपे, असं तो म्हणाला म्हणे. झरा त्याच खांबांखाली. खांब गेले की पाणी गेलं, आणि पाणी गेलं की वाडी उठली. पण बायजाबाई पाण्याचं नंतर बोलली. आधी म्हणाली, "आई येईल नि मोळी नसंल, त ती काय म्हनंल गो आमाला? इतकी वर्सं बसून एक मोळी राकता आली नाय?"

मी तिला बसवलं. मनात मात्र, लाज वाटते सांगायला, पण मनात मला उत्साह वाटला. मासिकातल्या छायाचित्रकारासारखी वेळ माझ्यावर आली होती. माझे फोटो आता ही जागा राखणार! मी एका रात्रीत भाषणही तयार केलं.

हरकतींची सुनावणी प्रांतसाहेबांपुढे होती. वाडीतर्फे गुणाजी, बायजाबाई आणि मी. मी माझे थोरले फोटो टेबलावर एकेक करून मांडले. साहेब तरुण होते, देशावरचे. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला, आणि मनापासून म्हणाले, "वा! हे कुठलं?"

"खांबच्या पुढचं, साहेब."

शेठचा वकील उठला. म्हणाला, "साहेब, असं दृश्य मी माझ्या डॉक्टर मेव्हण्याकडे पाहिलंय. विलायती कॅलेंडरात. आमच्या डोंगरावर दगड आहेत आणि झुडपं आहेत. या बाई काही भलतंच दाखवताहेत."

मी मुंबईच्या स्पर्धेचं सांगायला तोंड उघडलं आणि वेळेवर मिटलं. तेवढी अक्कल मला देवानं दिली आहे. भाषण घशातच राहिलं.

साहेब म्हणाले, "बाई, फोटो फार सुंदर आहेत. पण यात माणूस नाही, गुरंढोरं नाहीत, झेंडा नाही, नारळाची करवंटी नाही. तुम्ही म्हणता लोक देवी मानतात, तिथलं पाणी पितात. दिसत तर कोणीच नाही. हे तुमच्याच वाडीचं आहे हे मी कशावरून मानू? पुढच्या तारखेला असा फोटो आणा, ज्यात जागाही दिसेल आणि लोकही."

बाहेर आल्यावर बायजाबाईनं साहेबांचं म्हणणं मला पुन्हा नीट विचारून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे साहेब पन तेच इचारतोय. ह्यात कोन हाय?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

ग्रुपफोटो म्हणजे माझ्या हातचा मळ. शाळेचे वर्ग, वऱ्हाडं, पतपेढीची संचालक मंडळं, काय काय मी रांगेत बसवलं आहे. ठरल्या दिवशी सगळी वाडी धुतलेल्या कपड्यांत मोळीपाशी जमली. बायांनी अबोलीच्या वेण्या माळल्या होत्या, पुरुषांनी टोप्या घातल्या होत्या. मी उंच दगडावर तिपाई लावली. मागे मोळी, पुढे झरा, मध्ये माणसं. उत्तम. मी हात वर करून म्हणाले, "हं, आता सगळ्यांनी इकडे बघा."

कुणी वळलं नाही.

"अहो, इकडे. माझ्याकडे."

गुणाजी मोळीकडे तोंड ठेवूनच म्हणाला, "बाय, तुज्याकडं बघायचं त आईला पाट होते."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. खाजकुयलीत बसून शिकलेली गोष्ट मी साफ विसरले होते. मी समजावलं. एका मिनिटाचं काम आहे, साहेबांनी चेहरे मागितलेत, मोळी वाचवायची आहे ना? देवीला कळेल. त्यावर बायजाबाई म्हणाली, "आनि त्याच मिनटाला ती आली त?" यावर उत्तर तुम्हाला सुचत असेल तर सांगा.

मग सगळ्यांनी मला उपाय सुचवायला सुरुवात केली. एक म्हणाला, बाईंनी मोळीच्या पुढे उभं राहून आमच्याकडे बघत फोटो काढावा. मी म्हटलं, मग मोळी माझ्या मागे राहील, फोटोत कुठून येईल? गुणाजी म्हणाला, न्हाव्याचा मोठा आरसा आणू. मी क्षणभर त्याचाही विचार केला, यावरून माझी अवस्था ओळखा. एकानं सुचवलं, आडवं उभं राहू. नाटकातली माणसं एकमेकांशी बोलतात तसं. करून पाहिलं. सगळे डोळ्यांच्या कोपऱ्यातून मोळीकडे बघत होते आणि सगळी वाडी चकणी दिसत होती.

ऊन चढत होतं. मी चिडले. इतकी चिडले की तिपाई आवरायला घेतली. "मरा तिकडे," असंही म्हणाले. आणि वर पाहिलं तर सगळे पाठमोरे उभे. उतरलेले खांदे, कडेवरची पोरं, वेण्यांची अबोली, आणि त्यांच्या पुढ्यात त्या काळ्या खांबांची उभी रांग. छत्री धरायला आलेली बायजाबाईसुद्धा कंटाळून त्यांच्यात जाऊन उभी होती. अगदी पुढे, झऱ्यापाशी, दोन्ही हात किंचित उचललेले. कुणाचा भारा हाती घ्यायला बाई उभी राहते तशी.

मी भिंगाला डोळा लावला. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "हनुवटी वर! हसा जरा!" त्यावर सगळी वाडी माझ्याकडे पाठ करून हसली. पाठी हसतात हे मला तोवर माहीत नव्हतं. मी खटका दाबला.

फोटो धुऊन मी महादेवांना दाखवला. त्यांनी तो खिडकीपाशी उजेडात नेला. मला वाटलं, काहीतरी खोचक शोधताहेत. शेवटी म्हणाले, "हा खोडू नका."

पुढच्या तारखेला वाडीतल्या बाया आपण होऊन रोह्याला आल्या. कचेरीच्या खोलीत मावेनात, दारात उभ्या राहिल्या. मी फोटो साहेबांपुढे ठेवला. वकिलाला तर पर्वणीच. "साहेब, हा काय फोटो झाला? एकाचंही तोंड दिसत नाही! ही माणसं कुठली, कोण, काय पुरावा? बाईंनी बाजारातून रोजानं आणून उभी केली असतील."

साहेब माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटलं, "त्यांनी तोंड फिरवायला नकार दिला, साहेब. देवीला पाठ दाखवत नाहीत." हे वाक्य कचेरीत उच्चारल्यावर किती पोकळ वाटलं म्हणून सांगू! मला वाटलं, संपलं. माझ्यासारखी फोटोग्राफर लाभलेली देवी, तिचं याहून वेगळं काय होणार!

तेवढ्यात बायजाबाई पुढे झाली. तिनं टेबलावरचा फोटो पाहिला, त्यात पुढे उभ्या असलेल्या बाईवर बोट ठेवलं, आणि वळली. प्रांतसाहेबांकडे पाठ करून उभी राहिली.

"बघा," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "ह्यो खांदा, ह्यो अंबाडा. मीच हाय का नाय?"

आणि मग दारातल्या बाया एकेक करून आत आल्या आणि वळल्या. एकीच्या पाठीवर पोर, तेच पोर फोटोत. एकीच्या लुगड्याला खांद्याखाली ठिगळ, तेच ठिगळ फोटोत. माझ्या पर्समध्ये निगेटिव्ह तपासायचं भिंग होतं, ते मी साहेबांच्या हाती दिलं. साहेब एकदा भिंगातून बघत, एकदा मान वर करून. आयुष्यभर मी कचेऱ्यांना चेहरे पुरवले होते, समोरून, दोन्ही कान दिसतील असे. त्या दिवशी सरकारनं पहिल्यांदा पाठी पडताळून घेतल्या.

वकील ओरडला, "साहेब, हा आपला अपमान आहे! आपल्याला पाठ दाखवतात!"

बायजाबाई न वळता म्हणाली, "साहेबाला दावली त चालते. साहेब काय देव नाय."

मग साहेब हसले. आधी आवरून, नंतर न आवरता. कारकून हसले, शिपाई हसला, आणि सगळ्या पाठी हसल्या. साहेब म्हणाले, "मी स्वतः येऊन बघतो."

ते आले. शेठही आले, वकीलही. साहेबांनी झऱ्याचं पाणी पिऊन पाहिलं, खांबांवर हात फिरवला, चुन्याच्या खुणा पाहिल्या. महिनाभरानं हुकूम झाला. मोळी, झरा आणि भोवतीचं रान खाणीतून वगळलं. डोंगराची पलीकडची सोंड मात्र शेठला मिळाली. तिथे आज मोठा खड्डा आहे, आणि पावसाळ्यात त्यात पाणी साचतं. मासिकात लिहितात तसं 'छायाचित्रामुळे जागा राखली गेली' असं मी आधी सगळ्यांना सांगत सुटले होते. पुढे त्या खड्ड्याच्या काठी उभी राहिले आणि सांगणं थोडं कमी केलं. फोटोत मी काय केलं होतं? चिडून खटका दाबला होता.

तो फोटोही मी स्पर्धेला पाठवला होता. तुम्ही ओळखलंच असेल. 'चेहरे दिसत नाहीत' म्हणून परत आला.

वाडीत मात्र त्याच्या प्रती घरोघर गेल्या. माझ्या एकाही सूर्योदयाला असा मान मिळाला नाही. लोक बोट ठेवून सांगायचे, हा मी, ही माझी बायको, हा आमचा सखा, तेव्हा पोटात होता. मी बायजाबाईला किती वेळा म्हटलं, या एकदा स्टुडिओत, तुमचा एकटीचा काढते, छान समोरून. ती पडद्यावरच्या काश्मीरकडे पाहून म्हणायची, "त्या बर्फात मना थंडी वाजते गो." आणि पायरीवर जाऊन बसायची. मीही म्हणायचे, पुढच्या बाजाराला काढू. दर बाजारी ती समोर तर होती.

एका पावसाळ्यात ती बरेच बाजार आली नाही. मग तिचा मुलगा शिवा आला, डोकं भादरलेला. मी त्याला पाहिलं आणि समजले. त्याला दिवसकार्यात पुढे ठेवायला आईचा फोटो हवा होता.

मी स्टुडिओ बंद केला आणि निगेटिव्ह काढून बसले. मोळीचे किती फोटो, किती ऋतू. प्रत्येक वेळी ती तिथे होती, छत्री धरून, माझ्या शेजारी. एकाही फोटोत नाही. माझ्याकडे तिचा एकच फोटो होता, तो ग्रुपचा, आणि त्यात तिची पाठ. मी त्यातला तेवढाच भाग मोठा केला. कागदावर हळूहळू तो उतरलेला खांदा उमटू लागला तेव्हा मला दिसेनासं झालं, आणि तो कागद जास्त काळा झाला. दुसरा करावा लागला.

कार्याच्या दिवशी मी तो चौकटीत बसवून वाडीला घेऊन गेले. शिवाला म्हटलं, "बाबा, तोंडाचा नाही माझ्याकडे. पेणला एक रंगारी आहे, म्हणशील तर त्याच्याकडून चेहरा काढून घेऊ. तो गणपतीसुद्धा जिवंत करतो."

शिवानं फोटो दोन्ही हातांत घेतला. म्हणाला, "तोंड नको, बाय. तोंड सगल्यांनी बगितलंय. हिच्या ह्या पाटीवर बसून मी पयल्यांदा मोळी बगितली. आमी सगली भावंडं हिच्यावरच."

त्यानं तो पाटावर ठेवला, हार घातला. आणि सगळे उठून गेल्यावर, आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही असं समजून, त्यानं काचेवर हात ठेवला आणि आईच्या पाठीवरून हळूहळू फिरवला.